दुसरे विमान

उत्तरायणाला कारेलीबागेतल्या कुठल्याही गच्चीवर पाहावे. लहान मुलाच्या हाती पहिल्यांदा पतंग देतात तो बहुधा आधीच चढवलेला असतो. वारा लागलेला, दोर ताणलेला आणि फिरकी मोठ्या माणसाकडे. मुलाला वाटते, पतंग मीच उडवतोय. त्यात वाईट काही नाही, त्यानेच गोडी लागते. खरी परीक्षा पुढच्या वर्षी असते. किन्ना आपण बांधायच्या, वारा आपण ओळखायचा आणि ढील केव्हा द्यायची तेही आपणच ठरवायचे.

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचेही असेच आहे. आमचा मुलगा नववीत आहे. गेले दीड वर्ष तो अशा एका शिकाऊ विमानावर, म्हणजे ट्रेनरवर, शिकला. आता दुसरे विमान घ्यायचे होते. दिवाळीची ओवाळणी, वाढदिवसाची पाकिटे असे थेंबे थेंबे साचलेले पैसे त्याचेच होते. त्याची निवडही ठरलेली होती : दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरची प्रतिकृती. आजोबा तर म्हणाले, "कमी पडतील ते मी घालतो." विरोधात मी एकटीच. मला विमानातले ओ की ठो कळत नव्हते, त्यामुळे नुसते "नको" म्हणण्यात अर्थ नव्हता. तेव्हा मीही त्याच्याबरोबर शिकायला बसले. ते या पानावर मांडते आहे, कारण हा प्रश्न पुष्कळ घरांत या ना त्या रूपात येतोच.

शिकाऊ विमान सोपे का असते? त्याचे पंख धडाच्या वर असतात आणि पंखांची टोके किंचित उचललेली असतात. विमान एका बाजूला कलले की ते घसरू लागते. मग खालच्या बाजूचा पंख वाऱ्याला अधिक कोनात भेटतो, तिथे उचल वाढते आणि विमान आपोआप सरळ होऊ लागते. मुलगा गोंधळला की आम्ही ओरडायचो, "हात सोड!" तो काड्या सोडायचा आणि विमान स्वतःला सावरायचे. दीड वर्षातली निम्मी उड्डाणे मुलाने वाचवली, निम्मी विमानाने.

दुसऱ्या विमानात हीच सोय जाते. पंख खाली असतात आणि जवळजवळ सपाट बसवलेले असतात. त्यांच्या मागच्या कडेला एलेरॉन नावाच्या हलत्या पट्ट्या असतात. त्यांनी विमान जितके कलवाल तितकेच ते कलते आणि तसेच राहते. सरळ करायचे तर आपणच करायचे. विमान आपल्याकडे तोंड करून येत असेल तर डावे-उजवे उलटे दिसते. त्यावर जुने उडवणारे एक युक्ती सांगतात : जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्या बाजूला काडी ढकलायची.

मग आम्ही वहीत गणित मांडले. विमानाचे वजन भागिले पंखाचे क्षेत्रफळ, याला पंखावरचा भार म्हणतात. आमच्या ट्रेनरचे वजन १२३० ग्रॅम आणि पंख सुमारे ३१ चौरस डेसिमीटर, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला ४० ग्रॅम. मुलाला हव्या असलेल्या लढाऊ विमानाचा हाच आकडा ६४ निघाला. हवेत टिकून राहायला जो कमीत कमी वेग लागतो तो या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ६४ भागिले ४० म्हणजे १.६, आणि त्याचे वर्गमूळ साधारण १.२६. इतर गोष्टी सारख्या धरल्या तरी ते विमान उतरताना सव्वापट वेगाने यावे लागणार. आपटलेच तर धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यात वजनही जास्त, म्हणजे आघात जवळजवळ दुप्पट. शिवाय अशा विमानाचे पंख टोकाकडे निमुळते असतात. वेग कमी झाला की टोकाची उचल आधी जाते आणि एक पंख एकदम खाली पडतो. जमिनीजवळ हे झाले तर सावरायला उंचीच उरत नाही. वर्गमूळ कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थी मित्रांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

"पण वर पंख असलेली विमाने लहान मुलांची," हा त्याचा शेवटचा बालेकिल्ला. त्याला म्हटले, आपल्याच गावात बघ. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी बडोद्यात सी-२९५ विमानांच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला. हवाई दलासाठीच्या एकूण ५६ विमानांपैकी ४० इथे व्हायची आहेत. त्यांचेही पंख धडाच्या वरच असतात! ज्या कामासाठी विमान, तसा त्याचा पंख. त्यात लहान-मोठे काही नाही.

पायरी गाळण्याची किंमत मोठ्या विमानांनीही मोजली आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलासाठी एचटी-२ हे शिकाऊ विमान तयार झाले. ते १९५१ मध्ये प्रथम उडाले आणि त्याचे रचनाकार होते डॉ. विष्णू माधव घाटगे. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडलेले किरण हे जेट १९६४ मध्ये उडाले. पहिल्या पायऱ्या अशा बांधल्या गेल्या. पण त्यापुढची पायरी बरीच वर्षे नव्हती. तरुण वैमानिकांना मंद विमानांवरून मिग-२१ सारख्या अतिवेगवान विमानावर जावे लागे. १९८२ मध्ये ला फाँतेन समितीने मधले प्रगत शिकाऊ जेट घ्या, अशी शिफारस केली. ते हॉक विमान हवाई दलात दाखल झाले २००८ मध्ये. मधल्या एका पायरीसाठी सव्वीस वर्षे! हे वाचल्यावर आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पी हळद नि हो गोरी, असे नाही चालत."

शेवटी मुलानेच तिसरा पर्याय शोधला. खाली पंख असलेले, पण साधे. पंख मुळापासून टोकापर्यंत सारख्या रुंदीचा, चाके भक्कम, रूप बेताचे. भार ४८ ग्रॅम, म्हणजे उतरण्याचा वेग ट्रेनरपेक्षा सुमारे एक दशांश अधिक. मोटर, बॅटरी आणि रिमोट जुनेच चालणार होते. त्यामुळे आजोबांची मदत लागली नाही आणि थोडे पैसे सुट्या भागांसाठी उरले.

पैसे हाती होते तरी खरेदी लगेच झाली नाही. मैदानावरच्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी अट घातली : ट्रेनर दोन्ही दिशांनी फिरवून आखलेल्या वीस पावलांच्या पट्ट्यात सलग दहा वेळा उतरव, मग नव्याचे बोलू. पहिल्या रविवारी आठ झाली. पुढच्या रविवारी वारा आडवा होता, पाचच झाली. मुलगा घरी येऊन जेवला नाही. तिसऱ्या रविवारी दहा झाली, आणि त्या दिवशी त्याने विमानाचे नावही काढले नाही. नुसता हसत होता.

नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाला सगळे गेलो होतो. पहिल्याच वळणावर ते कलले आणि कललेलेच राहिले. सवयीने मी म्हणाले, "हात सोड!" त्याने सोडला नाही. काडी उलट्या बाजूला हलकेच नेली, विमान सरळ झाले आणि पुढे गेले. तो नजर न हलवता म्हणाला, "आई, आता हात सोडून नाही चालायचं." मी पुढे काही बोलले नाही.

पालकांसाठी थोडे व्यवहाराचे. हरणीचा विमानतळ आपल्या कारेलीबागेच्या शेजारीच आहे. ड्रोनविषयीचे २०२१ चे नियम अशा मॉडेल विमानांनाही धरून आहेत. तेव्हा गच्चीवरून किंवा सोसायटीच्या मैदानावरून ती उडवू नयेत. हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांचा सरकारी नकाशा पाहून, शहराबाहेर, जागेच्या मालकाला विचारून आणि माणसे-गुरे नसतील तिथेच उडवावे. लिथियम बॅटरी चार्जिंगला लावून घराबाहेर जाऊ नये किंवा झोपू नये. मे महिन्याच्या दुपारी हवा विरळ होते आणि विमानाला जास्त वेग लागतो. हिवाळ्यातली सकाळ उत्तम. ज्यांना विमान विकत घेणे शक्य नाही त्यांनीही हिरमुसू नये. एनसीसीच्या हवाई शाखेत मॉडेल विमाने शिकवतात.

विश्वस्तांना एक विनंती. पदार्थविज्ञानाच्या तासाला एखादा रविवार जोडून मुलांना असे विमान दाखवता आले तर पाहावे. उडवले नाही तरी चालेल. पंख मोजावा, वजन करावे, भागाकार करावा.

जुना ट्रेनर आम्ही विकलेला नाही. दर रविवारी पहिले उड्डाण त्याचेच असते. मुलगा म्हणतो, हात गरम होतो. पुढच्या उन्हाळ्यात आठवीतल्या मामेभावाला त्यावर शिकवायचे आहे. तेव्हा "हात सोड" असे ओरडायची पाळी त्याची असेल.