बिब्ब्याची फुली

शनिवारीं बाजारांतून जातांना दुकानांच्या दारांवर लिंबू, हिरव्या मिरच्या आणि काळा बिब्बा यांची माळ आमच्या वाचकांनीं पाहिलीच असेल. लिंबू आंबट, मिरची तिखट, बिब्बा अंगावर उततो. तेव्हां दृष्टहि तेथेंच पोळून परत फिरावी, असा या माळेमागील विचार दिसतो. तान्ह्या मुलाच्या गळ्यांतील काळ्या दोऱ्याचा बिब्बाहि त्याच विचाराचा. परंतु जी वस्तु राखण करिते तीच घातहि करिते असें लोक मानितात, आणि अमावास्येच्या सुमारास बिब्ब्याची फुली कपड्यावर वा अंगावर उठली म्हणजे तिला भानामती म्हणतात. काळ्या रात्रीस काळा रस! वास्तविक त्या रात्रीं चंद्राची उजळ बाजू आपल्याकडे नसते, याहून अधिक कांहीं घडत नाहीं.

सन २००६ मध्यें आम्ही मराठवाड्यांतील एका खेड्यांत शिकवीत होतों. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीं सातवींतील एक मुलगा सदऱ्यावर काळी फुली घेऊन आला. दोन दिवसांनीं दंडावरहि फुलीच्या आकाराचे फोड उठले. गांवाच्या टोंकाला एक एकटी म्हातारी झाडपाल्याचीं औषधें व बिब्बे विकीत असे. नांव कोणीं घेतलें नाहीं. पण नजरा तिच्या दाराकडे वळल्या.

आम्ही पदवीधर, शास्त्र शिकविणारे, नित्य प्रार्थना करणारे. तथापि खरें सांगावयाचें तर तो दंड पाहतांना आमचाहि हात क्षणभर मागें आला. अनुवादाच्या १८ व्या अध्यायांत जादूटोण्याची मनाई आहे, हें आम्हांस ठाऊक. पण मनाई मानणें निराळें आणि भय नसणें निराळें. शिवाय ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनीं फार मान वर करूं नये. १६९२ सालीं अमेरिकेंतील सेलम येथें चेटकाच्या आरोपावरून १९ माणसांना फांशीं दिलें, तें बायबल वाचणाऱ्यांनींच.

आठ दिवस विचारांत गेले. मग आम्हीं वर्गांत एक बिब्बा दिव्यावर तापविला, सुईनें टोंचला, आणि निघालेलें तेल हातरुमालाला व आपल्या डाव्या मनगटाला लाविलें. प्रथम डाग तपकिरी होता. हवा लागतां लागतां काळा झाला. याच गुणामुळें धोबी चुन्याच्या जोडीनें बिब्ब्याच्या खुणा कपड्यांवर करीत. मनगटावर त्या दिवशीं फोड आला नाहीं; दुसऱ्या दिवशीं आला. लावणारा हात निघून जातो आणि फोड मागाहून दिसतो. भानामतीची सारी करामत या मधल्या वेळांत आहे. (मुलांनीं हा प्रयोग करूं नये, आमचें मनगट पंधरा दिवस चिघळत होतें.)

त्या सायंकाळीं तो मुलगा आमच्या खोलीवर आला व रडूं लागला. "सर, मीच लावला होता. बाबा शाळा सोडवून कामाला धाडणार होते."

आम्ही त्याला घेऊन म्हातारीकडे गेलों. दाराला बाहेरून कडी होती. ती चार दिवसांपूर्वींच लेकीकडे गेली, असें शेजारीण म्हणाली. तिला लेक नव्हती.

पुढें सन २०१३ मध्यें महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक व्यक्ति करणी करिते, मंत्रानें जनावराचें दूध आटविते, असें भासवून तिला छळणें हा आतां गुन्हा आहे. तेव्हां तो कायदा नव्हता. पण आठ दिवस आमच्या हातीं होते. पुढें बाजाराच्या दिवशीं पुष्कळदां आम्हीं तिला शोधिलें. ती दिसली नाहीं.