तापीकाठची शेकोटी

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरात आणि त्याला लागून असलेल्या, महाराष्ट्रातल्या रावेर-यावल पट्ट्यात शेकोटीचा हंगाम मार्गशीर्षात सुरू होतो आणि माघापर्यंत चालतो. उन्हाळ्यात ४२-४३ अंशांच्याही वर तापणारा हा मुलूख पौषातल्या रात्री १० अंशांच्याही खाली उतरतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधल्या खोऱ्यात तापी. आकाशात ढग नसले की काळ्या जमिनीने दिवसभर धरून ठेवलेली ऊब दिवस मावळताच भराभर निघून जाते. ओलिताखालच्या शेतात, विशेषतः केळीच्या बागेजवळ, गारठा गावापेक्षा आधी जाणवतो. शेकोटी पेटते ती बहुधा तिथेच, विहिरीच्या किंवा मळ्यातल्या खोपीच्या अंगणात.

तिचे जळण शेतातूनच येते. कापूस आणि तूर ही इथली जुनी पिके. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या बांधाला रचून ठेवलेल्या असतात आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. तुराटी हलकी आणि बारीक असते. ती चटकन पेटते, उंच ज्वाळा देते आणि तितक्याच लवकर विझते. पऱ्हाटी लाकडासारखी कडक असते. ती सावकाश धरते, पण तिचा निखारा टिकतो. त्यामुळे जाणती माणसे आग धरायला तुराटी आणि टिकायला पऱ्हाटी वापरतात. पऱ्हाट्यांचे ढीग पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नयेत असे कृषिशास्त्रज्ञ सांगतात, कारण गुलाबी बोंडअळी त्यांत दडून राहते. थंडी सरण्याआधी ढीग संपवणे म्हणूनच शेतकऱ्याच्या सोयीचे. केळीचे खांब मात्र या कामाला निरुपयोगी, कारण त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते.

आग पेटवणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. ओल्या काडीतले पाणी आधी उडावे लागते, तोवर नुसता धूर होतो. काडी पुरेशी तापली की तिच्यातून वायू निघतात आणि ज्वाळा असते ती या वायूंची. वायू संपले की उरतो कोळसा, आणि खरी ऊब तोच देतो. हवेला वाट न ठेवता काड्या दाबून रचल्या तर आग घुसमटते. फार विरळ रचल्या तर एकीची आच दुसरीला पोचत नाही. पेटवणारा वाऱ्याची दिशा पाहून त्या बाजूने काडी लावतो. एवढे जमले की फुंकत बसावे लागत नाही.

इथल्या शेकोटीला खरा अर्थ येतो तो भरिताने. चातुर्मासात अनेक घरांत वांगे वर्ज्य असते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगे पुन्हा ताटात येते आणि शेताशेतांतून भरीत पार्ट्यांची आमंत्रणे सुरू होतात. खानदेशातले, त्यातही लेवा पाटीदार समाजातले, हे हिवाळ्याचे मोठे निमित्त. राज्यांची सीमा मध्ये असली तरी ही चव रावेरहून बऱ्हाणपुरापर्यंत सारखीच पोचलेली आहे. वांगीही खास लागतात. ती फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, आकाराने मोठी, पातळ सालीची आणि कमी बियांची असतात. यावल तालुक्यातल्या बामणोदच्या वांग्यांचे नाव यात सर्वांत पुढे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

वांग्यांना तेलाचा हात लावतात आणि फुटू नयेत म्हणून काडीने टोचतात. जमिनीवर काड्यांचा थर, त्यावर वांगी, वर पुन्हा काड्या, आणि मग आग. या आगीचे काम मोठी ज्वाळा आणि थोडा वेळ एवढेच असते, म्हणून तुराटी इथे लाकडापेक्षा सरस ठरते. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा धूर कधीच मिळत नाही आणि भरिताची निम्मी चव तर त्या धुरात आहे. ज्वाळा बसली की लांब काठीने वांगी फिरवायची पाळी येते. ‘अरे भो, ते कडेचं कच्चं राहील,’ असे कोणीतरी ओरडतेच. साल काळी पडून सुरकुतते, देठापाशी रस खदखदतो आणि फुसफुसत बाहेर येतो. देठाजवळ दाबून पाहायचे. तिथे मऊ लागले तर वांगे झाले, कारण देठाचा भाग सर्वांत शेवटी शिजतो.

मग परातीभोवती सोलणारे बसतात. बोटे पाण्यात बुडवायची, गरम साल ओढायची, पुन्हा पाण्यात बुडवायची. सालीचे चिकट काळे तुकडे नखांत अडकतात आणि वाफेने मनगट भाजते. सोललेली वांगी लाकडी बडगीत जातात. हिरव्या मिरच्या आणि लसणासह ती मुसळाने ठेचतात. मिक्सरने त्यांचे पाणी होते, मुसळाने रेशे राहतात. फोडणीत शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात. सोबत पुऱ्या किंवा कळण्याची भाकरी. वाढायला बागेतलेच केळीचे पान.

या सगळ्यात रिकामा कोणी राहत नाही. एक जण काड्या मोडतो, एक पाणी आणतो, दोघे सोलतात, ज्याच्या दंडात जोर आहे तो मुसळ धरतो. शहरातून आलेल्या मित्रालाही कांद्याची पात चिरायला बसवले जाते. मैत्रीची मजा जेवणापेक्षा या दीड-दोन तासांत जास्त असते. दिवाणखान्यातल्या पाहुण्याला बोलायला विषय शोधावा लागतो. इथे हात कामात गुंतलेले असतात, म्हणून बोलणे आपोआप चालते आणि थांबले तरी कोणाला अवघडत नाही. जेवण आटोपल्यावर पऱ्हाटीच्या निखाऱ्यांभोवती जे कडे बसते त्याला मानाची जागा नसते. सरपंच असो वा सालदार, वारा फिरला की धूर त्याच्याच तोंडावर येतो आणि त्यालाच उठून जागा बदलावी लागते. पुढून आच आणि पाठीला गारठा, म्हणून माणसे हळूहळू पुढे सरकतात आणि कडे लहान होत जाते. निखाऱ्याच्या मंद उजेडात चेहरे अर्धेच दिसतात. घरी न निघणाऱ्या गोष्टी, कर्ज, भावांची वाटणी, मुलीचे शिक्षण, इथे सहज निघतात.

ही रीत जुनी असणार. बऱ्हाणपूर हे सुरत-आग्रा मार्गावरचे मोठे ठाणे होते. मुघल काळात ते दख्खनचे दार मानले जाई आणि व्यापाऱ्यांचे तांडे व फौजा इथूनच जात-येत. १६०१ च्या जानेवारीत जवळचा अशीरगड अकबराच्या हाती आला, त्याआधी वेढ्याच्या फौजेने गडाच्या पायथ्याशी कित्येक महिने काढले, त्यात हिवाळ्याच्या रात्रीही आल्या. उघड्यावरचा मुक्काम म्हटला की रात्रीची आग आलीच.

पौषातल्या कडाक्यात या भागात आणखी एक आग पेटते, आणि ती करमणुकीची नसते. पारा १०-१२ अंशांखाली गेला की केळीची वाढ थांबते, पाने पिवळी पडतात, घड नीट बाहेर पडत नाही. शेतकरी याला चरका म्हणतात. बचाव म्हणून रात्री बागेला पाणी देतात आणि कडेने ओला-सुका कचरा पेटवून धूर धरतात. ज्वाळा होऊ न देता आग धुमसत ठेवायची म्हणजे कोणीतरी जागे राहायलाच हवे. मग शेजारच्या मळ्यातले दोघे-तिघे येऊन बसतात, चहाचे पातेले चढते. वर्षाचे उत्पन्न पणाला लागलेल्या या जागरणात सोबतीची किंमत भरीत पार्टीपेक्षाही जास्त असते.

आग कुठे पेटवू नये हेही तितकेच पक्के माहीत असावे. सातपुड्याच्या राखीव जंगलात आग पेटवणे किंवा जळती सोडून जाणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. मध्य प्रदेशात शेतातली नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली धसकटे, जाळण्यावरही बंदी आहे आणि भरिताच्या नावाखाली ती जाळणे चूकच. माघानंतर गवत वाळते, वारा सुटतो, तेव्हा शेकोटी बंदच करावी. हंगामातही जागा मोकळ्या मातीची, गंजीपासून दूर आणि पाण्याजवळ असावी. उठताना निखाऱ्यांवर पाणी ओतावे, काठीने राख उकरून पुन्हा ओतावे आणि उलट्या हाताने ऊब तपासावी. जरा जरी गरम लागली तर आणखी एक बादली आणावी, मगच घराकडे निघावे.