भिंतीचा कोन

१५ जानेवारी २०२५, हिवरा आश्रम
गुरुजींच्या घराचं काम घेतलं. माळवद काढून पत्रे टाकलेत, भिंती जुन्याच. मातीच्या, वरून सिमेंटचा गिलावा. दारांना चार इंची सागाची पट्टी, खाली स्कर्टिंग बसवायचं. त्यांच्याकडे लग्न १६ फेब्रुवारीला.

१६ जानेवारी
काटकोनाचा गुण्या एकाही कोपऱ्यात बसत नाही. एक बाजू टेकते, दुसरीकडे उजेड दिसतो.

१७ जानेवारी
टेप लावला. एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार, तिरकस पाच यायला हवं. देवघराच्या खोलीत पाच फूट दीड इंच. म्हणजे त्र्याण्णव अंश.
पुतण्यानं पंचेचाळीसवर दोन तुकडे कापून आणले. "काका, बरोबर कापलं तरी फट काऊन?" त्याला जमिनीवर बसवलं. एकाच रुंदीच्या दोन पट्ट्या भिंतींना लावून कोपऱ्यात एकमेकींवर टाकल्या. कडांच्या रेघा जिथं छेदतात, तिथून थेट कोपऱ्यापर्यंत रेघ. कोन बरोबर अर्धा झाला, साडेशेहेचाळीस. पण मशीनचा काटा सरळ कापाला शून्य धरतो. तिथं साडेत्रेचाळीस लावायचे. तो बराच वेळ रेघेकडे बघत राहिला. मला बरं वाटलं.

२१ जानेवारी
आश्रमातला जन्मोत्सव चालू. रस्ता माणसांनी भरलेला. ट्रॅक्टरवरून पंगतीला पुरी आणि वांग्याची भाजी वाढणारी पोरं. काम बंद.

२३ जानेवारी
सागाचा माल आला. रंध्याखाली कोरडी नाहीत, ओलसर सालं निघतात. लाकूड रुंदीत आटतं, लांबीत जवळजवळ नाही. आज घट्ट बसवलेला कोपरा मेमध्ये आतल्या बाजूनं उघडणार. चार इंची पट्टीत एका अंशाचा फरक पडला की अडीच मिलिमीटरची फट. लोक म्हणतात, फेविकॉल आणि भुस्सा भरा. मी भरणार नाही.

२४ जानेवारी
झोप नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदन करून लोणारला. दैत्यसूदन मंदिराचा तळ ताऱ्यासारखा, कोपऱ्याला लागून कोपरा, आत-बाहेर. चुन्याशिवाय बसवलेले चिरे. एका सांध्यात नख घालून पाहिलं. शिरलं नाही. ते बांधणाऱ्यांकडे दोरी, गुण्या आणि ओळंबा. आणखी काय असणार?

२८ जानेवारी
गोठ्यात माळवदाच्या कड्या पडल्यात. धुरानं काळ्या, आत सोन्यासारखा साग. गुरुजी म्हणाले, "घ्या की, जळणाला ठेवल्या होत्या." जळणाला!

३० जानेवारी
पट्ट्यांसाठी घेतलेल्या कड्यांतले खिळे उपटणं. चुंबक फिरवून मगच करवत.

५ फेब्रुवारी
प्रत्येक दाराच्या दोन्ही कोपऱ्यांचं माप वेगळं. पट्टीमागे पेन्सिलीनं लिहितोय.

१२ फेब्रुवारी
देवघराचा कोपरा पुतण्यानं बसवला. सुका लावून पाहिला, उतरवला, रंध्याचा एक हात मारला, पुन्हा लावला. मग चुका ठोकल्या. मी बोललो नाही.

१४ फेब्रुवारी
पॉलिशचा शेवटचा हात. नवा माल काड्या घालून थप्पीला रचला, पुढच्या वर्षी लागेल. दोन कड्या उरल्या. नवरीला पाट होईल का, गुरुजींना विचारायचं.