सात प्रश्नांचा कागद

अंगाने सडपातळ, रंगाने पांढरा, बोलायला मोजका. दप्तरातलं नाव जीएडी-७, काम चिंता मोजण्याचं. जन्म अमेरिकेतला, साल २००६. रॉबर्ट स्पिट्झर आणि सहकारी हे त्याचे जन्मदाते. सात प्रश्न, प्रत्येकाला चार ठरीव उत्तरं, एवढ्या भांडवलावर स्वारी जगभरच्या दवाखान्यांत वावरते. फी घेत नाही.

गोव्यातल्या लाटंबार्से गावच्या माणसाशी त्याची गाठ पडते ती बहुधा सगळ्यांत शेवटी. तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं. मध्यरात्री ऊर धडधडतो, हात गार पडतात, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. मग डिचोलीला ईसीजी निघतो आणि तो नॉर्मल येतो. घरात मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली जाते, कासरपालच्या कालिकेला गाऱ्हाणं घातलं जातं. वाटेत भेटणारा जो तो विचारतो, "तुका कितें उणें आसा? मागीर कसलें टेन्शन?" २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ज्याच्या दारात कर्जाचा ट्रक उभा राहिला, त्याच्यापाशी निदान दाखवायला कारण होतं. पण औद्योगिक वसाहतीत ज्याची नोकरी कायम आहे, मुलं शिकताहेत, घर बांधून झालं आहे, त्याने कारण आणायचं कुठून? ते सापडत नाही म्हणून तो गप्प राहतो.

कागद कारण मागतच नाही. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस, एवढंच विचारतो. किती दिवस जीव अस्वस्थ होता? काळजी थांबवू म्हटलं तरी थांबली नाही, असं किती दिवस झालं? स्वस्थ बसवलं नाही, काहीतरी भयंकर घडेल असं वाटलं, असे दिवस किती? सहाव्या प्रश्नावर पेन रेंगाळतं: चिडचिड. ती आपली घराण्याची देणगी आहे, असं गड्याला आजवर वाटत होतं.

मग गुणांची बेरीज. शून्यापासून एकवीसपर्यंत. दहा किंवा त्याच्या पुढे गेली, तर नीट तपासायला हवं, असं कागद सुचवतो. आजार ठरवण्याचा अधिकार तो स्वतःकडे घेत नाही. धडधड थायरॉईडचीही असू शकते, हे त्याला कळत नाही आणि कळल्याचा आवही तो आणत नाही. पुढचं काम समोर बसलेल्या, उपचार करणाऱ्या माणसाचं: भीती कुठे चढते ते पाहणं, टाळलेल्या गोष्टींकडे थोडं थोडं परत जायला लावणं, मनातली भाकितं लिहून ती खरी ठरतात का ते तपासणं. काही आठवड्यांनी कागद पुन्हा हजर होतो. तेच प्रश्न, तोच सूर. चौदाचे नऊ झाले तर शाबासकी नाही, सतरा झाले तर रागावणं नाही.

गोव्याला हे गोत नवं नाही. इथल्या 'मानस' प्रयोगात अशाच एका बारा प्रश्नांच्या भावंडाने दवाखान्यात आलेल्यांची चाळणी केली होती. पुढे त्यांच्याशी बोलायला बसले ते डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेले साधे समुपदेशक होते. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आले. तरीही बांबोळीच्या मानसोपचार संस्थेची पायरी चढताना "पिशांच्या इस्पितळात गेलो" असं कोणी म्हणेल, ही धास्ती अजून आहेच.

एक खोड मात्र आहे या सात प्रश्नांच्या कागदाला. सांगाल ते तो खरं मानतो. सातही ठिकाणी 'मुळीच नाही'वर खूण करून शून्य मिळवणाऱ्याला तो मुकाट सोडून देतो. म्हणून त्याच्या जोडीला कान देणारं माणूस लागतंच. बांबोळी ज्याला लांब वाटते, त्याच्यासाठी २०२२ पासून टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू आहे. तिथेही आधी कारण शोधून आणा, अशी अट नाही.