खिडक्यांचा कारभारी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे दादाने यंदा एक जुना संगणक घरी आणला, तेव्हा आईने त्याला हळदकुंकू वाहिले. पण चार दिवसांतच हे महाशय धापा टाकू लागले. टिपणे लिहायला बसावे तर आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरे. दुकानातून दमून आलेला दादा अंथरुणातूनच ओरडे, "बंद कर गं ते!" मी मनात म्हणे, हा हल्ली फारच चिडका झालाय.

एका रात्री टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरची ६० टक्के ताकद एकटाच गिळून बसलेला इसम सापडला : डेस्कटॉप विंडो मॅनेजर! मी त्याला तत्काळ बडतर्फ केले. पडदा क्षणभर काळा झाला आणि स्वारी पुन्हा हजर!

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयातील संगणकावर त्याची कुंडली काढली. पूर्वी विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम आपली खिडकी थेट पडद्यावर रंगवी. एखादी अडकली की तिच्यावरून दुसरी ओढताना मागे चित्रांची शेपटी उरे. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून प्रत्येक खिडकी पडद्याआड स्वतंत्र रंगते आणि हा कारभारी त्या साऱ्यांची जुळणी करून एकच चित्र आपल्यापुढे मांडतो. २०१२ च्या विंडोज आठपासून तर त्याला रजाच नाही. एरवी हे रंगकाम ग्राफिक्सची चिप करते. आमच्या यंत्रात ती होती. पण तिला कामाला लावणारा ड्रायव्हर कुणी बसवलाच नव्हता. तिचे सारे काम प्रोसेसरच्या गळ्यात पडले होते. ज्याला मी चोर समजले, तो दुसऱ्याच्या वाटणीचे ओझे वाहत होता!

वाचता वाचता मी थबकले. बाबांनी अंथरूण धरले, तेव्हा दादा दहावीत होता. शाळा कुणी सोडायची, हा प्रश्न घरात निघालाच नाही. तो दुकानात कामाला लागला आणि मी वर्गात बसून राहिले. हे मला ठाऊक नव्हते असे नाही; मी ते कधी मोजले नव्हते, एवढेच.

पेनड्राइव्हवर ड्रायव्हर आणून बसवला. कारभारी १-२ टक्क्यांवर आला. घरघर थांबली. अंथरुणातून आवाज आला, "बंद केलंस वाटतं?"

"नाही रे, चालू आहे."

दादा कूस बदलून झोपी गेला.

त्याच्यासाठी असा ड्रायव्हर कुठे मिळत नाही. म्हणून येत्या महिन्यापासून आळीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे मी ठरवले आहे. त्याला अजून सांगितलेले नाही. हा अंक छापून आला की त्याच्याच हाती देईन म्हणते.

— द्वितीय वर्ष कला