पाच पावत्या

31 मार्च 2023, शुक्रवार. आदल्या दिवशी रामनवमीची सुट्टी, त्यामुळे वसतिगृहाच्या कार्यालयात सकाळपासून देणगीदारांची रीघ लागली होती. मी तिथला खजिनदार. मार्चअखेरीला पावतीपुस्तक हातातून खाली ठेवायला सवड मिळत नाही.

दुपारी गुरुजी आले. पाकिटातून पाचशेच्या वीस नोटा काढून टेबलावर ठेवल्या. सकाळीच बँकेतून काढलेल्या, अजून करकरीत. बाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"हिच्या नावानं मुलांच्या जेवणाला घ्या. आणि ते 80 जी चं तेवढं बघा."

मी पेन खाली ठेवलं. एका देणगीत 2,000 रुपयांहून जास्त रोकड दिली, की कलम 80 जी खाली तिच्यावर वजावट मिळत नाही. फक्त वरच्या आठ हजारांवर नाही असं नव्हे, दहाच्या दहा हजारांवर नाही. गुरुजींनी क्षणभर विचार केला.

"मग दोन-दोन हजारांच्या पाच करा की. तारखा टाका मागच्या."

ज्यांच्याकडे मी अपूर्णांक शिकलो, त्यांना नाही म्हणताना जीभ जड झाली. पण एक तारीख खोटी पडली की सगळं पुस्तक खोटं होतं, आणि त्याच पुस्तकाच्या भरवशावर बाकीचे लोक आम्हाला पैसे देतात. मी नाहीच म्हटलं.

मग कागद ओढून हिशेब मांडला. आमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, म्हणजे पाच हजार. गुरुजी जुन्या करप्रणालीत, वीस टक्क्यांच्या टप्प्यात. कर वाचणार एक हजार, उपकर धरून 1,040. नवी प्रणाली घेतली असती तर तेवढेही नाहीत. दिलेले सगळे पैसे करातून सुटतात अशा समजुतीने दरवर्षी कुणी ना कुणी येतं, म्हणून मी हे आधीच सांगून टाकतो.

गुरुजी आकड्यांकडे बघत राहिले. "हजार रुपयांसाठी तुला खोटी तारीख घालायला सांगत होतो मी," एवढंच म्हणाले आणि उठले.

आमचं आणि त्यांचं खातं एकाच शाखेत. नोटा परत स्वतःच्या खात्यात भरून, तिथून संस्थेच्या खात्यात वळत्या करून ते तासाभरात आले. पासबुकात 31 मार्चची नोंद होती. त्यांचा पॅन मी एकेक अक्षर मोठ्यानं वाचून लिहून घेतला, पुन्हा वाचला. आदल्या वर्षी, देणग्यांचं 10 बीडी विवरण पहिल्यांदाच भरताना, माझ्याकडून एका देणगीदाराच्या पॅनचं एक अक्षर चुकलं होतं. त्यांची वजावट अडकली. दुरुस्तीचं विवरण भरेपर्यंत त्या माणसाला फोनवर तोंड द्यायची मला लाज वाटायची.

मे महिन्यात विवरण भरलं. देणगीदारांची 10 बीई प्रमाणपत्रं निघाली, तसं गुरुजींचं घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं. संस्थेचं नाव, त्यांचं नाव, पॅन, रक्कम.

"हिचं नाव नाही यात?"

त्या नमुन्यात तशी जागा नाही. मी पिशवीतून आमची पावती काढली. 'यांच्या स्मरणार्थ' या छापील शब्दांपुढच्या ओळीवर बाईंचं पूर्ण नाव मी आदल्या रात्री सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं होतं. गुरुजींनी प्रमाणपत्र कपाटातल्या फाइलीत ठेवलं. पावती त्यांनी बाईंच्या तसबिरीच्या काचेआड सरकवली.