बुढीचं वावर, प्लॉट नंबर सात

नागपूरहून वर्ध्याकडे निघालं आणि बुटीबोरी मागे पडली, की पूर्वी रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी लागायची. आता पाट्या लागतात. ‘एनए टीपी मंजूर’, ‘कर्जाची सोय’, ‘समृद्धीपासून दहा मिनिटं’. सेलडोह, केळझर, सेलू या पट्ट्यात आम्ही वाढलो, तेव्हा प्रत्येक वावराला नाव होतं. चिंचेचं, आखराकडलं, बुढीचं. ही बुढी कोण, ते कुणालाच ठाऊक नसायचं, पण वावर तिचंच. आता तिथं चुना फासलेले दगड आहेत आणि दगडांवर लाल आकडे.

पहिली वेचणी म्हणजे सीतादही. घरच्या बाईनं कपाशीच्या झाडापाशी दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, हात जोडायचे, आणि मगच कापसाला हात लावायचा. आम्हा पोरांचा डोळा उरलेल्या दहीभातावर. देवी पिकाकडे किती लक्ष द्यायची कोण जाणे. बोंडअळी मात्र न चुकता द्यायची. आणि वेचणाऱ्या बायका? वाळक्या बोंडांच्या टोकांनी बोटं सोलवटून घेत दिवसभर वाकायच्या आणि संध्याकाळी किलोच्या हिशेबानं मजुरी घ्यायच्या. त्यांच्यापुढं आमचा हा उमाळा काढला, तर त्या कोपरापासून हात जोडतील.

त्यांच्या लेकीसुना आज कंपनीच्या बसनं बुटीबोरीला जातात. डोक्यावर पंखा असतो, पगार खात्यात येतो. त्यांना सीतादहीची गोडी सांगायला आमची जीभ रेटत नाही.

चुटपूट लागते ती काट्यावरच्या रात्रींची. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस सरकारलाच द्यायचा. दिवाळीनंतर जिनाबाहेर बंड्यांची रांग लागायची आणि रात्र तिथंच काढावी लागायची. बैल सोडायचे, त्यांच्यापुढं कडबा टाकायचा, आणि गोणपाट ओढून कापसावर आडवं व्हायचं. तितकी ऊबदार गादी पुढं कुठल्याच लॉजवर मिळाली नाही. ठिणगी कापसाकडे येऊ नये म्हणून रांगेपासून लांब, कुणीतरी तुरीच्या शेंगा भाजायचा. फडक्यांतल्या भाकरी बाहेर निघायच्या. धुऱ्यावरून ज्याच्याशी बापजाद्यांपासूनचं वैर, तोच शेजारच्या बंडीवर निघाला तर चार शेंगा त्यालाही द्याव्या लागायच्या. अशा रांगेत सोयरिकी ठरलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

सकाळी ग्रेडर यायचा. मूठभर कापूस उपसून दोन बोटांत ताणायचा आणि वर्षभराच्या राबणुकीला खालची प्रत लावून पुढच्या बंडीकडे वळायचा. चुकारा कधी येईल याचा नेम नाही. तोवर सावकाराचं व्याज चालूच. त्या रांगेसाठी कुणी रडू नये. आता कापूस पिकअपनं जातो, तासाभरात गाडी रिकामी होते, आणि माणूस रात्री घरी टीव्हीपुढं असतो. हे चांगलंच आहे. फक्त धुऱ्यावरचं वैर मोडायला आता निमित्त उरलेलं नाही. शिवाय धुराही उरलेला नाही.

आता गर्दी बघायची तर रविवारी लेआउटवर जावं. नागपूरहून फुकटच्या गाड्या भरून येतात, मंडपात जेवण असतं. एखादे काका मूठभर माती उचलून “वा, काळी कसदार आहे!” म्हणतात आणि एजंट खूश होऊन मान डोलावतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, कापसाला मानवते आणि भिंतीला तडे देते, हे दोघांपैकी कुणीच बोलत नाही. आम्हीही बोलत नाही. वावर विकणारे आम्हीच. त्या पैशात पोरांची शिक्षणं झाली, घराला स्लॅब पडला. बारा एकर कोरडवाहूनं तेवढं कधी दिलं नव्हतं.

पण माणसं कुठं आहेत? वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या 2001 साली 12,36,736 होती, 2011 साली 13,00,774. दहा वर्षांत जेमतेम पाच टक्के. 2021 ची जनगणना तर झालीच नाही. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला, येळाकेळीला आणि विरूळला चढ-उताराची सोय झाली. सिंदीजवळ ड्रायपोर्ट ठरलं. समुद्र राज्याच्या दुसऱ्या टोकाला आणि बंदर आमच्याकडे! प्रत्येक बातमीबरोबर एकरी भाव चढला. प्लॉट घेणारा मात्र नागपुरातच राहतो आणि भाव वाढायची वाट बघतो. बुढीच्या वावरात सध्या उत्तम येतं ते गाजरगवत.

बैल घटले, तसा मोठ्यांचा पोळा आटला. आमच्या गावच्या तोरणाखाली आता ट्रॅक्टरच जास्त असतात. पोळ्याच्या झडत्या म्हणणारे म्हातारे बोटांवर मोजण्याइतके राहिले. सिंदी रेल्वे या गावचा तान्हा पोळा मात्र अजून जोरात भरतो. माणसाच्या उंचीचे लाकडी बैल, सजवलेली पोरं, बोजाऱ्याच्या खाऊ-पैशांसाठी हट्ट. तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असतो, आणि नव्या रस्त्यांमुळे नागपूरहून लवकर पोचता येतं. येताना प्लॉटही बघून घ्या. सात नंबर अजून विकायचा आहे म्हणतात.